मतपत्रिकेवर पक्ष नसतो, तेव्हा शिक्षण मंडळाचे मत कशाच्या आधारे द्यायचे?

तुमचा प्रश्न मी समजले तो असा : तुम्ही सॅन फर्नांडो व्हॅलीत राहता, अमेरिकेचे नागरिकत्व नुकतेच मिळाले आहे, मुलगी लॉस एंजेलिसच्या सार्वजनिक शाळेत चौथीत शिकते, आणि टपालाने आलेल्या मतपत्रिकेवर शिक्षण मंडळाच्या सदस्यपदासाठी दोन पूर्ण अनोळखी नावे छापलेली आहेत. नावांपुढे पक्ष नाही. घरी आलेल्या पत्रकांपैकी निम्म्यांत पहिला उमेदवार अब्जाधीशांचा माणूस ठरतो आणि उरलेल्यांत दुसरा शिक्षक युनियनच्या खिशात असल्याचे सांगितलेले असते. दोघांच्याही छायाचित्रांत हसरी मुले आहेत. मुलीच्या शाळेचे भले यांपैकी कोण करील हे कळत नसल्यामुळे ती जागा कोरी सोडून बाकीची मतपत्रिका भरावी का, असे तुम्ही विचारले आहे.

मी गेली बारा-तेरा वर्षे येथील उमेदवारांच्या प्रचार समित्यांचे हिशेब सांभाळते, म्हणजे देणग्यांची नोंद, खर्चाची बिले आणि ठरलेल्या तारखांना सादर करायची विवरणपत्रे. दोन्ही बाजूंच्या उमेदवारांसाठी मी हे काम केले आहे, त्यामुळे कोणाला मत द्यावे हे मी सांगणार नाही. मात्र तुमची अडचण उमेदवार अनोळखी असण्याची नाही, असे मला वाटते. या पदाच्या हाती नेमके काय असते हे कोणी सांगत नाही, आणि म्हणून उमेदवाराला कोणत्या मापाने मोजावे ते कळत नाही, ही खरी अडचण आहे.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ‘बोर्ड’ म्हटले की दहावी-बारावीची परीक्षा आणि हॉल तिकीट आठवते. पुण्यातल्या जुन्या मंडळींना फार तर महापालिकेचे शिक्षण मंडळ आठवेल, ज्याचे सदस्य नगरसेवक निवडून देत. येथील मंडळ परीक्षा घेत नाही आणि अभ्यासक्रमाची मानकेही ठरवत नाही. ती राज्य ठरवते. पैशाचा मोठा भागसुद्धा सॅक्रामेंटोहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, २०१३ पासून लागू असलेल्या राज्याच्या सूत्रानुसार येतो. मंडळ जे करते ते वेगळे आहे. ते अधीक्षकाची, म्हणजे सुपरिंटेंडंटची नेमणूक करते, १८ अब्ज डॉलरहून मोठे वार्षिक अंदाजपत्रक मंजूर करते, कर्मचाऱ्यांच्या युनियनांशी झालेल्या वेतनकरारांना मान्यता देते, चार्टर शाळांना (सरकारी पैशावर, पण बहुधा स्वतंत्र संस्थेने चालवलेल्या शाळांना) परवानगी देते वा नाकारते, शाळा उघडते, बंद करते, आणि इमारतींसाठी कर्जरोखे काढण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मतदारांनी मान्य केलेले ९ अब्ज डॉलरचे कर्जरोखे हे असेच मंडळाच्या ठरावातून मतपत्रिकेवर आले होते, आणि त्यांची परतफेड मालमत्ता करातून होते. मुलीला पाचवीत कोणत्या बाई मिळतील, स्वच्छतागृह वेळेवर दुरुस्त होईल का, ही कामे मुख्याध्यापकांची आणि त्यांच्यावरच्या प्रशासनाची आहेत. उमेदवार सभेत त्यांविषयीच बोलतात, कारण पालकांना तेच ऐकायचे असते.

न्यूयॉर्कमधील तुमच्या नातेवाइकांना हा प्रश्न पडत नसेल, कारण तेथे २००२ पासून शाळा महापौरांच्या हाती आहेत. लॉस एंजेलिसमध्येही महापौर अँटोनियो व्हियारायगोसा यांनी २००६ मध्ये राज्याच्या कायद्याद्वारे तसा प्रयत्न केला होता, परंतु न्यायालयाने तो कायदा अवैध ठरवला. त्यामुळे विद्यार्थिसंख्येने देशात दुसऱ्या क्रमांकाचा असलेला, ७१० चौरस मैलांवर पसरलेला हा शालेय जिल्हा आजही सात निवडून दिलेल्या माणसांच्या हाती आहे. ‘जिल्हा’ या शब्दानेही आपली लोकं फसतात. त्याची हद्द ना काउंटीशी जुळते ना शहराशी. कार्सन, गार्डेना, वेस्ट हॉलीवुड ही वेगळी शहरे त्यात येतात, तर सँटा मोनिका, बरबँक, ग्लेंडेल यांचे शालेय जिल्हे स्वतंत्र आहेत, आणि आपण जेथे किराणा आणायला जातो ते आर्टिशिया तर एबीसी युनिफाइड या निराळ्याच जिल्ह्यात आहे. तुमच्या मतपत्रिकेवर ही जागा आली आहे याचा अर्थ तुम्ही हद्दीत आहात, तेव्हा तो प्रश्न सुटलेला आहे.

आता सातांचा हिशेब. एकटा सदस्य काहीही करू शकत नाही. ठराव चार मतांनी होतो. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये चार्टर शाळांना जिल्ह्याच्या कोणत्या इमारतींत जागा द्यायची यावर निर्बंध आणणारा ठराव ४ विरुद्ध ३ असा संमत झाला, आणि त्यातून तयार झालेल्या धोरणाला पुढे चार्टर शाळांच्या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले. शाळेच्या वेळेत मोबाइल फोनवर बंदी घालण्याचा जून २०२४ चा ठराव ५ विरुद्ध २ असा झाला आणि फेब्रुवारी २०२५ पासून ती बंदी लागू झाली. तुमची मुलगी मिडल स्कूलमध्ये गेली की तिच्या दिवसावर या ठरावाचा परिणाम कोणत्याही मुख्याध्यापकाच्या निर्णयापेक्षा अधिक होईल. उलट उदाहरणही आहे. २०१३ मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती आयपॅड देण्याची एक अब्ज डॉलरहून मोठी योजना मंडळाने पुढे जाऊ दिली, त्यासाठी इमारतींच्या कर्जरोख्यांचा पैसा वापरला, आणि वर्षभरातच ती योजना गुंडाळावी लागली. ऑक्टोबर २०१४ मध्ये अधीक्षक जॉन डीझी यांनी राजीनामा दिला. या प्रकरणात वर्गातला कोणीही शिक्षक चुकला नव्हता. ज्यांनी कंत्राटाचे कागद नीट वाचून प्रश्न विचारायचे, त्यांच्या टेबलावर ती चूक झाली. म्हणून मी उमेदवारात वक्तृत्वापेक्षा आधी एक गोष्ट पाहते : या माणसाने यापूर्वी कधी मोठे अंदाजपत्रक ओळ न् ओळ वाचले आहे का, आणि नकोशा प्रश्नासाठी हात वर केला आहे का.

मतपत्रिकेवर तुम्हाला फारशी मदत मिळणार नाही. कॅलिफोर्नियात शालेय पदांवर पक्ष लिहीत नाहीत. नावाखाली व्यवसायाचे जास्तीत जास्त तीन शब्द असतात. ते तीन शब्द ठरवण्यासाठी उमेदवार वकिलांशी तासन्‌तास बोलतात, हे मी पाहिले आहे, त्यामुळे तेथे ‘शिक्षक’ दिसले तरी हा माणूस शेवटचा वर्गावर कधी उभा होता ते वेगळे शोधावे. निवडून आल्यावर दुसरी नोकरी ठेवणार की नाही हेही विचारावे, कारण २०१७ मध्ये दुसरी नोकरी न करणाऱ्या सदस्यांचे वार्षिक मानधन सुमारे ४५ हजारांवरून सव्वा लाख डॉलर झाले, आणि ते पूर्णवेळ कामाचे मानधन आहे.

पत्रकांचे मात्र तसे नाही. पत्रके वाचायला शिकलात तर ती तुम्हाला बरेच सांगतील, आणि तो माझ्या रोजच्या कामाचा भाग असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. पत्रक हातात घेतल्यावर छायाचित्राकडे न पाहता खालच्या कोपऱ्यातला बारीक मजकूर वाचा. खर्च कोणी केला हे तेथे छापणे कायद्याने बंधनकारक आहे. तेथे उमेदवाराच्याच समितीचे नाव असेल तर ते पत्रक उमेदवाराचे आहे आणि त्यातल्या शब्दांची जबाबदारी त्याची आहे. पण ‘हे पत्रक कोणत्याही उमेदवाराने अधिकृत केलेले नाही’ अशा अर्थाची ओळ दिसली, तर तो स्वतंत्र खर्च आहे, म्हणजे बाहेरच्या समितीने उमेदवाराला न विचारता केलेला. त्याखाली त्या समितीचे सर्वांत मोठे देणगीदार छापलेले असतात. माझ्या अनुभवात सर्वांत विषारी पत्रके याच प्रकारात मोडतात, आणि ज्याच्या बाजूने ती निघतात त्या उमेदवाराला ती कित्येकदा तुमच्याइतकीच टपालातून पहिल्यांदा दिसतात.

कारण साधे आहे. व्यक्तीने उमेदवाराला थेट किती द्यावे यावर २००७ मध्ये मतदारांनी मर्यादा घातली. स्वतंत्र खर्चावर मर्यादा घालता येत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे म्हणणे आहे. त्यामुळे उमेदवाराच्या खात्यात काही लाख आणि बाहेरच्या समित्यांच्या खात्यांत काही दशलक्ष, असे चित्र येथे नेहमीचे झाले आहे. २०१७ च्या निवडणुकीत, ज्यात निक मेल्व्हॉइन यांनी मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष स्टीव्ह झिमर यांना हरवले, एकूण खर्च सुमारे दीड कोटी डॉलरवर गेला आणि ती तोवरची देशातली सर्वांत महागडी शिक्षण मंडळ निवडणूक ठरली. एका बाजूला चार्टर शाळांचे समर्थक होते, ज्यांना नेटफ्लिक्सचे सहसंस्थापक रीड हेस्टिंग्ज यांच्यासारख्या धनिकांच्या देणग्या होत्या, तर दुसऱ्या बाजूला शिक्षकांची युनियन. तेव्हा दोन्ही गटांच्या पत्रकांतली मूळ वाक्ये, म्हणजे पैसा अब्जाधीशांचा आहे आणि पैसा युनियनचा आहे ही, बहुधा खरी असतात. मात्र त्यावरून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. मी हिशेब ठेवलेल्या उमेदवारांपैकी कोणी देणगीदाराच्या सांगण्यावरून प्रत्येक मत दिले असे मला दिसलेले नाही. निवडून आल्यावर कोणाचा फोन आधी उचलला जातो, एवढे मात्र देणगीदारांच्या यादीवरून कळते. शिवाय ‘युनियन’ एकच नसते. २०२२ मध्ये दोन क्रमांकाच्या मतदारसंघात शिक्षकांची युनियन एका उमेदवाराबरोबर होती आणि बसचालक, उपाहारगृहातले कामगार, सफाई कर्मचारी यांची लोकल ९९ ही युनियन दुसऱ्या. पुढच्याच मार्चमध्ये लोकल ९९ ने तीन दिवसांचा संप केला तेव्हा शिक्षक त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. लांबट कार्डावर राष्ट्राध्यक्षापासून शिक्षण मंडळापर्यंत ‘आमची शिफारस’ म्हणून नावांची यादी येते, आणि वर एखाद्या पालक, पोलीस किंवा ज्येष्ठ नागरिक संघटनेसारखे भारदस्त नाव असते. त्या यादीत काही नावांपुढे छोटी चांदणी असते. ज्यांच्यासाठी जागेचे पैसे मोजले गेले त्यांच्या नावापुढे ती चांदणी छापावी, असा राज्याचा कायदा आहे. सुरुवातीच्या एका निवडणुकीत मी माझ्या उमेदवारासाठी अशा एका यादीचा चेक स्वतः लिहिला, आणि आठवड्याभराने शेजारच्या आजी तेच कार्ड घेऊन माझ्याकडे आल्या : ‘बघ, एवढ्या मोठ्या संघटनेने तुझ्याच माणसाला निवडलंय.’ त्यांना चांदणीचा अर्थ सांगताना मला फार संकोच वाटला. तेव्हापासून कोणीही विचारले की मी पहिल्यांदा चांदणीच दाखवते.

देणग्यांची विवरणपत्रे शहराच्या नीतिमत्ता आयोगाच्या, म्हणजे सिटी एथिक्स कमिशनच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. मोठ्या नावांपेक्षा लहान देणग्यांकडे पाहा. मतदारसंघातल्याच पिनकोडवरून पन्नास-शंभर डॉलर देणारे शिक्षक, पालक, दुकानदार किती आहेत, यावरून उमेदवार या भागात खरोखर फिरला आहे का ते कळते. यादीही खोटी असू शकते, हे मान्य. रेफ रॉड्रिगेझ हे २०१५ मध्ये निवडून आले, आणि प्रचारात नातेवाईक व परिचितांच्या नावाने आपलेच वीस-पंचवीस हजार डॉलर फिरवल्याबद्दल २०१८ मध्ये गुन्हा कबूल करून त्यांना पद सोडावे लागले. मधल्या काळात, आरोप दाखल झालेले असतानाही, त्यांनी नव्या अधीक्षकाच्या नेमणुकीसाठी मत दिले होते. माझ्या व्यवसायात त्या प्रकरणानंतर प्रत्येक जण एकाच दिवशी एकाच कचेरीतून आलेले सारख्या रकमेचे चेक दोनदा तपासतो.

इतके झाल्यावर उमेदवाराला विचारायचे काय, हा प्रश्न उरतो, आणि येथे माझे मत स्पष्ट आहे. पुढच्या चार वर्षांत या जिल्ह्यापुढे एकच मोठा विषय आहे आणि बाकीचे बहुतेक विषय त्याच्यातून फुटतात : मुले कमी होत आहेत. २००३ च्या सुमारास येथे सात लाखांहून अधिक विद्यार्थी होते. आता ते चार लाखांच्या आसपास आहेत. जन्मदर घटला, घरभाडी वाढली, काही मुले चार्टर शाळांत गेली. राज्याचा पैसा मुलांच्या हजेरीवर मिळतो, पण इमारत, छप्पर, मुख्याध्यापक, परिचारिका यांचा खर्च मुलांबरोबर घटत नाही. सहाशे मुलांसाठी बांधलेल्या शाळेत दोनशे उरली की मंडळापुढे मोजकेच मार्ग असतात : शाळा शेजारच्या शाळेत मिसळायची, रिकाम्या वर्गांत चार्टर शाळेला जागा द्यायची, तेथे मॅग्नेट (एखाद्या विषयावर विशेष भर देणारा) किंवा द्विभाषिक कार्यक्रम सुरू करून मुले ओढायची, नाहीतर तोटा सोसत राहायचे. यांतला प्रत्येक मार्ग कोणाला तरी दुखावतो, म्हणून एकाही पत्रकात त्याचा उल्लेख नसतो.

उमेदवारांच्या एका सभेत, शाळेच्याच उपाहारगृहात घडीच्या खुर्च्यांवर चाळीसेक माणसे बसली असताना, एका पालकाने नेमके हेच विचारले : ‘आमच्या शाळेत वर्ग रिकामे आहेत. तुम्ही निवडून आलात तर पहिल्या वर्षी काय कराल?’ एका उमेदवाराने प्रत्येक मूल मोलाचे आहे इथपासून सुरुवात केली आणि दोन मिनिटे संपेपर्यंत तो तेथेच होता. दुसरी उमेदवार म्हणाली की शाळा बंद करणार नाही असे वचन ती देणार नाही. मात्र पालकांना वर्षभर आधी कळवल्याशिवाय आणि मुले कोणत्या बसने कुठे जातील ते लिहून दाखवल्याशिवाय तसा ठराव आला तर ती विरोधात मत देईल. टाळ्या पहिल्याला पडल्या. मी त्या दिवशी कोणाच्याही पगारावर नव्हते, आणि माझे मत मी गाडीत बसण्याआधीच ठरवले होते. तुम्हीही दोघांच्या कचेरीला याच धर्तीचा एक ई-मेल लिहा. मतदारसंघ मोठा असला तरी असे पत्र लिहिणारे मतदार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात, आणि उत्तर येते की नाही, आले तर ते तुमच्या प्रश्नाचे आहे की छापील, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला ठाऊक नाहीत. तुमची मुलगी विशेष शिक्षणाच्या योजनेखाली असेल तर त्या सेवांच्या तरतुदीविषयी उमेदवाराची भूमिका तुमच्यासाठी वरच्या सगळ्यापेक्षा महत्त्वाची ठरेल. ती पुढे चार्टर हायस्कूलमध्ये जावी असे तुमच्या मनात असेल तर चार्टरविषयीचे मत तुमच्यासाठी वैचारिक राहत नाही, घरचे होते. मॅग्नेट आणि चार्टर यांत गल्लत करू नका; मॅग्नेट शाळा जिल्ह्याचीच असते, चार्टर शाळेचे व्यवस्थापन बहुधा स्वतंत्र संस्थेकडे असते. दिवाळीच्या सुट्टीविषयी आपल्या मंडळींत बरेच विचारले जाते म्हणून सांगते : २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने दिवाळीला राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत घेतले, पण त्या दिवशी शाळा बंद ठेवायची की नाही हे प्रत्येक शालेय जिल्ह्यावर आहे.

जागा कोरी सोडण्याविषयी. पूर्वी ही निवडणूक विषम वर्षांत, वसंत ऋतूत एकटीच होत असे आणि मतदान इतके तुटपुंजे असे की २०१५ मध्ये एका मतदार संघटनेने मत देणाऱ्यांतून सोडत काढून एका विजेत्याला २५ हजार डॉलर दिले. लॉटरीने मतदार ओढायचा हा उपाय मला तेव्हाही हास्यास्पद वाटला आणि आजही वाटतो, पण त्यावरून दुखणे किती जुने होते ते कळते. त्याच वर्षी मतदारांनी शहराची सनद बदलून निवडणूक सम वर्षांत, राज्याच्या मतदानाबरोबर आणली. प्राथमिक फेरीत कोणाला निम्म्याहून अधिक मते मिळाली तर तेथेच निकाल लागतो, नाहीतर पहिले दोघे नोव्हेंबरला समोरासमोर येतात. तुमच्याकडे दोनच नावे आहेत ती त्यामुळे. आता मतदान वाढले आहे, पण वरच्या पदांची मते देऊन दमलेला मतदार मतपत्रिकेच्या तळाशी येण्याआधीच थांबतो. तुम्ही थांबलात तर तुमच्या भागाचे मत पत्रके छापणारे ठरवतील. देणगीदारांची यादी आणि त्या एका प्रश्नाचे उत्तर, यासाठी संध्याकाळचा तासभर पुरेसा आहे.

घरात अजून कोणी ग्रीन कार्डावर असेल तर त्यांनी चुकूनही मतदार नोंदणी करू नये. सॅन फ्रान्सिस्कोत नागरिक नसलेल्या पालकांना २०१६ च्या मतदानानंतर शिक्षण मंडळासाठी मत देता येते. लॉस एंजेलिसमध्ये तसे नाही, आणि नागरिक असल्याचा खोटा दावा नोंदला गेला तर राहण्याचा परवानाच धोक्यात येतो. ग्रीन कार्डधारक देणगी देऊ शकतात, एच-१बी व्हिसावरचे देऊ शकत नाहीत. एका गणेशोत्सवात एका गृहस्थांनी मोठ्या आपुलकीने माझ्या उमेदवारासाठी ५१ डॉलरचा चेक दिला होता; ते एच-१बीवर आहेत हे कळल्यावर मला तो परत करावा लागला, आणि ‘शुभाचा आकडा परत का?’ या त्यांच्या प्रश्नाला कायद्याखेरीज माझ्याकडे उत्तर नव्हते. दारोदार फिरून विनामूल्य प्रचार मात्र त्यांना करता येतो, आणि ते पुढचे दोन शनिवार फिरले.

शेवटी मतपत्रिका पाकिटात घातल्यावर पाकिटाच्या मागच्या बाजूला सही करायला विसरू नका, आणि ती तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर आहे तशीच करा. माझी आई पहिल्यांदा मत देताना सवयीने मोडी वळणाची देवनागरी सही करून बसली. लायसन्सवर तिची सही इंग्रजीत होती. काउंटीकडून सही जुळत नसल्याचे पत्र आले, तिने सोबतचा अर्ज भरून मुदतीत परत पाठवला आणि मत मोजले गेले, पण ते पत्र तुमच्या पत्रकांच्या ढिगात हरवले असते तर तसे झाले नसते.